जुनी स्नोमोबील चालू करायचीय? आधी रबर बघा, मग दोरी ओढा

जुनी स्नोमोबील, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, हातात आली की पहिला मोह एकच होतो, टाकीत थोडं पेट्रोल ओतायचं, स्टार्टरची दोरी ओढायची आणि चालू होते का बघायचं. प्लीज असं करू नका. मी केलंय आणि त्यात एक चांगलं इंजिन घालवलंय. १९७० च्या दशकातली मशीन, दोन सिलेंडरची, फॅनने थंड होणारी, कित्येक वर्षं एका कोपऱ्यात उभी होती आणि तिसऱ्या दोरीला चालू झाली, इतका आनंद झाला की सरळ बर्फावर काढली, आणि पंधरा-वीस मिनिटांत फुल थ्रॉटलवर असताना इंजिन एकदम आवळल्यासारखं होऊन बंद पडलं. उघडलं तर एका बाजूचा पिस्टन सिलेंडरला घासून चिकटलेला, आणि कारण काय तर क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचं) एक ऑईल सील, सुकून कडक झालेलं. त्या इंजिनाचं लोखंड शाबूत होतं, रबर मेलेलं होतं.

तेव्हापासून माझा नियम हाच आहे की जुन्या मशीनमध्ये जिथे जिथे रबर आहे ते सगळं आधी तपासायचं, बहुतेक बदलायचंच, आणि मगच स्टार्टरच्या दोरीला हात लावायचा. पेट्रोलच्या नळ्या, फ्युएल पंपाचा पडदा, कार्बचा (कार्ब्युरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) पडदा, कार्ब आणि इंजिन यांच्यामधला रबरी बूट, क्रँकची सीलं, इंजिनचे माउंट, क्लचचा बेल्ट, शेवटी मशीन ढकलणारा खालचा पट्टा म्हणजे ट्रॅक, सगळं रबरच.

हे इतकं महत्त्वाचं का ते आधी समजून घ्या. या बहुतेक मशीन टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या पेटीत) येतं, पिस्टन खाली येताना ते दाबलं जातं आणि मग वर सिलेंडरमध्ये जातं, म्हणजे क्रँककेस हाच एक पंप आहे. त्या पंपाला कुठेही बारीकसं भोक पडलं, सील सुकलं, बूटला चीर गेली, बुडाचं गॅसकेट सुटलं, की तिथून फुकटची हवा आत येते. त्या हवेबरोबर पेट्रोल नाही, आणि ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं त्यामुळे ऑईलही नाही. मिश्रण पातळ झालं, इंजिन तापलं, आणि तेल नेमकं तेव्हाच कमी पडलं. पिस्टन फुगतो आणि चिकटतो. आणि वाईट भाग असा की पातळ मिश्रणावर इंजिन मरायच्या आधी थोडा वेळ मस्त जोरात पळतं, त्यामुळे आपल्याला वाटतं वा काय छान चाललीय.

चला, क्रमाने.

पहिलं काम मशीन ओळखायचं. हुडवर जे नाव आहे त्यावर जाऊ नका, इंजिनावरची पट्टी वाचा. जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डियर यांनी क्युबेकमधल्या व्हॅलकोर्टला १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आणली, अमेरिकेत मिनेसोटातल्या रोझोला पोलारिस आणि थीफ रिव्हर फॉल्सला आर्क्टिक कॅट उभी राहिली, आणि १९७० च्या आसपास तर उत्तर अमेरिकेत शंभराच्या वर कंपन्या स्नोमोबील बनवत होत्या. त्यातल्या बहुतेक काही वर्षांतच बंद पडल्या. पण एवढ्या सगळ्यांनी स्वतःची इंजिनं थोडीच बनवली, ती रोटॅक्स, जेएलओ, साक्स, हिर्थ, कोहलर, कावासाकी अशा मोजक्या ठिकाणांहून यायची. म्हणून तुमच्या मशीनची कंपनी बंद होऊन पन्नास वर्षं झाली असली तरी घाबरू नका, इंजिनाच्या मॉडेल नंबरवरून पिस्टन, रिंगा, सीलं, गॅसकेट शोधली की बऱ्याचदा मिळतात. सर्व्हिस मॅन्युअलही इंजिनाचं वेगळं आणि गाडीचं वेगळं असं शोधा. खाली मी जे आकडे देतोय ते सर्वसाधारण आहेत, मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअल खरं.

आता फॅनचं कव्हर आणि सिलेंडरवरचं पत्र्याचं आवरण काढा. हे टाळू नका. वर्षानुवर्षं उभ्या मशीनमध्ये उंदीर घर करतात, सीटखाली तर करतातच पण फॅनच्या घरात आणि सिलेंडरच्या पंख्यांवर पण गवत, कापूस, सीटचा फोम भरून ठेवतात, बाहेरून काही दिसत नाही आणि इंजिन मात्र हवा न मिळाल्याने भाजून निघतं. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअरबॉक्समध्ये पण टॉर्च मारून बघा. साफ करताना हातमोजे आणि मास्क घाला, उंदराची लेंडी सुकी झाडू नका, आधी ओली करा.

मग दोन्ही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर टू-स्ट्रोक ऑईल सोडा, रात्रभर राहू द्या, आणि दुसऱ्या दिवशी दोरी हळूहळू, अगदी हळू ओढून इंजिन फिरतंय का बघा. अडकलं तर जोर लावू नका. सायलेन्सर काढला की एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टनची बाजू दिसते, रिंगा दिसतात, उभे ओरखडे आहेत का ते कळतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि इंजिनाची अर्धी कुंडली तिथेच समजते. पिस्टन गुळगुळीत असेल तर कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा, पाच-सहा वेळा दोरी ओढा. आकडा किती येतो यापेक्षा दोन्ही सिलेंडरमधला फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो, १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर हेड आणि सिलेंडर काढून बघायला लागणार.

आता सीलं, म्हणजे या सगळ्या उपद्व्यापाचा गाभा. प्रेशर टेस्ट शिका, अवघड अजिबात नाही. कार्ब काढून इनटेकचं तोंड आणि एक्झॉस्टचं तोंड रबराच्या तुकड्याने आणि पत्र्याच्या पट्टीने घट्ट बंद करायचं, प्लग लावायचे, फ्युएल पंपाला जाणारी जी इम्पल्सची नळी क्रँककेसमधून निघते तिथून हातपंपाने ५ ते ६ पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरायची आणि गेजकडे बघत बसायचं. काटा काही मिनिटं जागेवर राहिला तर उत्तम. भराभर खाली आला तर साबणाचं पाणी लावत जा, मॅग्नेटमागचं (म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या, ठिणगीची वीज तयार करणाऱ्या चुंबकांच्या चाकामागचं) सील, क्लचमागचं सील, सिलेंडरचं बूड, क्रँककेसचा जोड, जिथे बुडबुडा तिथे आजार. एक लक्षात ठेवा, दोन सिलेंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलेंडरची क्रँककेस आतून वेगळी असते म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या. आणि दाब जास्त देऊ नका, १० च्या पुढे गेलात तर चांगलं सीलसुद्धा जागेवरून सरकतं.

बाहेरची दोन सीलं काही इंजिनांत मॅग्नेट आणि क्लच काढून बाहेरूनच बदलता येतात, काहींमध्ये क्रँककेसचे दोन भाग वेगळे करावेच लागतात. दोन्ही वेळेला मॅग्नेट काढायला त्याचा स्क्रूवाला पुलरच वापरा. हातोडी नको, तीन पायांचा पुलर कडेला लावणं नको, क्रँक वाकते, चुंबकं तडकतात. परत बसवताना क्रँकचा निमुळता भाग आणि मॅग्नेटचं भोक दोन्ही कोरडं स्वच्छ पुसा, तिथे ग्रीस नाही, आणि नट टॉर्क पाना लावून मॅन्युअलप्रमाणेच आवळा.

मॅग्नेट निघालंच आहे तर इग्निशनचं काम त्याच वेळी उरका. पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) काळे पडलेले असतात, बारीक पॉलिश पेपरने घासा, मग साध्या कागदाची पट्टी मधून ओढून तेलकटपणा काढा. खड्डे पडले असतील तर नवीन टाका आणि कंडेन्सर पण बरोबरच बदला. गॅप बहुतेक इंजिनांत ०.३ ते ०.४५ मिमीच्या मध्ये असतो, फिलर गेजने, पॉइंट जास्तीत जास्त उघडलेले असताना. दोन सिलेंडर आणि दोन पॉइंट असतील तर टायमिंग दोघांचं स्वतंत्र लावायचं, प्लगच्या भोकात डायल गेज घालून पिस्टन वरच्या टोकापासून किती मिमी खाली असताना पॉइंट उघडतो ते मोजायचं. डोळ्याने खुणा जुळवून काम भागतं असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही, एका सिलेंडरचं टायमिंग पुढे राहिलं तर तोच पिस्टन आधी जळणार. करंट बघताना प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून बघा पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ उडते आणि ठिणगीने पेटू शकते.

पेट्रोलची लाईन. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, वासावरूनच कळतं, वॉर्निशसारखा आंबूस वास येतो. टाकीच्या आतली नळी आणि तिच्या टोकाचा फिल्टर बाहेर काढा, बहुतेक वेळा ती नळी हातातच तुटते. आजच्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी इथेनॉल मिसळलेलं असतं आणि त्या काळची रबरं त्यासाठी बनलेलीच नव्हती, काही फुगतात, काही कडक होऊन तडकतात. इथेनॉल हवेतलं पाणी पण ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते दोघं मिळून तळाला वेगळे बसतात, नळीचं टोक नेमकं तळाशीच असतं. इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळत असेल तर तेच घाला. सगळ्या नळ्या नवीन टाका, इम्पल्सची नळी तर नक्की, आणि ती जाड भिंतीची हवी, मऊ नळी प्रत्येक स्ट्रोकला आत-बाहेर होते आणि पंपाला धक्काच पोचत नाही. पंपाचे पडदे बदलायचं किट मिळतं.

कार्ब दोन जातीचे भेटतील. जुन्या मशीनवर टिलॉटसन किंवा वॉलब्रोचा पडदावाला कार्ब, ज्याला फ्लोट नसतो, पातळ पडदा हलतो आणि त्याच्या आतली पट्टी निडल उघडते. तो पडदा हातात घेऊन कानाजवळ हलवा, खडखड वाजला तर गेला, तो कापडासारखा मऊ पाहिजे. किट टाकताना ती बारीक पट्टी खोलीच्या तळाशी सपाट पातळीत आली पाहिजे, वर राहिली तर मशीन पेट्रोल पीत राहते, खाली राहिली तर उपाशी मरते. बाहेरचे दोन स्क्रू, कमी वेगाचा आणि जास्त वेगाचा, आत फिरवताना हलक्या हाताने, टेकले की थांबायचं, जोर दिला की टोकाला खाच पडते आणि मग कार्ब कधीच नीट लागत नाही. टेकल्यावर साधारण १ फेरा बाहेर, जास्त वेगाचा अजून पाव फेरा जास्त, इथून सुरुवात करा.

दुसरी जात मिकुनीचा गोल स्लाइडवाला कार्ब, फ्लोटचा. याचा पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारं बारीक तोंड) केसाएवढ्या भोकाचा असतो आणि बंद पडलेल्या मशीनमध्ये तोच चोंदलेला असतो. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं, क्लीनरमध्ये भिजत ठेवा आणि हवा मारा, उजेडाकडे धरल्यावर गोल भोक स्वच्छ दिसलं पाहिजे. याच कार्बची एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते, याचा चोक म्हणजे झडप नाही, पेट्रोलची एक वेगळी वाट आहे, आणि ती थ्रॉटल बंद असतानाच काम करते. चोक लावून थ्रॉटल दाबत दोरी ओढणारे लोक दमतात आणि मशीन काही चालू होत नाही.

मिक्स पेट्रोलचं प्रमाण. त्या काळच्या मॅन्युअलमध्ये २०:१ असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, म्हणजे २० लिटरला १ लिटर ऑईल. आजची ऑईलं चांगली आहेत म्हणून काहीजण ४०:१ (२० लिटरला ५०० मिली) किंवा ५०:१ (४०० मिली) वर जातात. मी जुन्या इंजिनात ४०:१ च्या पुढे जात नाही, नवीन पिस्टन-रिंगा टाकल्यावर पहिल्या दोन टाक्या तर अजून जास्त तेलाच्या. मात्र प्रमाण बदललं की कार्ब परत तपासायचा, तेल वाढलं म्हणजे तेवढंच पेट्रोल कमी झालं. ऑईल थंडीत वाहणारं, एअर-कूल्ड टू-स्ट्रोकचं घ्या. बोटीच्या इंजिनासाठी जे टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑईल येतं ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं, ते यात घालू नका. ऑईल पंपवाली मशीन असेल तर पंप खरंच तेल देतोय याची खात्री होईपर्यंत टाकीत पण मिक्सच भरा, धूर जास्त येईल, येऊ द्या.

एवढं झाल्यावर दोरी ओढा. उघड्यावर, बंद शेडमध्ये नाही, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. ओढायच्या आधी थ्रॉटल दाबून सोडून बघा, फटकन परत आला पाहिजे, केबल अडकत असेल तर मशीन चालू करायचीच नाही. किल स्विच चालतोय का ते चालू झाल्या झाल्या पहिल्यांदा तपासा. मग ऐका. आयडल आपोआप चढत जातोय, थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लगेच खाली येत नाही, असं असेल तर अजून कुठून तरी हवा जातेय, बंद करा आणि परत शोधा, कार्बच्या स्क्रूने ते झाकायचा प्रयत्न करू नका. सुरुवातीला मिश्रण जाडच ठेवा, जास्त वेगात आवाज थोडा बडबडल्यासारखा, एक सोडून एक फायर होतोय असा आला तर ठीक, मग थोडं थोडं कमी करत या. थोडं पळवून, फुल थ्रॉटलवर असतानाच इंजिन बंद करून प्लग बघा, चॉकलेटी बरा, पांढरा दिसला तर तिथेच थांबा. आणि कडाक्याच्या थंडीत हवा घट्ट होते, म्हणजे उणे ५ ला बरोबर असलेला जेट उणे ३० ला पातळ पडू शकतो.

क्लच आणि बेल्टबद्दल थोडक्यात. क्लचच्या बेल्टच्या चकत्यांवर तेल, ग्रीस, स्प्रे काहीही लावायचं नाही, त्या कोरड्या आणि स्वच्छ हव्यात. बेल्ट नव्यापेक्षा ३ मिमी अरुंद झाला किंवा कडेला चिरा दिसल्या की बदला, ठीक दिसणारा जुना बेल्ट स्पेअर म्हणून जवळ ठेवा. बेल्ट नसताना इंजिन रेस करू नका, लोड नसल्याने क्लच भलत्याच वेगाने फिरतो आणि फुटला तर तुकडे गोळीसारखे येतात, म्हणून बेल्टवरचं गार्ड पण कायम जागेवर पाहिजे. ब्रेकचे जुने पॅड साफ करताना हवा मारू नका, त्या काळच्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

चेनकेसचं (क्लचची ताकद ट्रॅकपर्यंत पोचवणाऱ्या चेनच्या डब्याचं) तेल काढून बघा, दुधासारखं असेल तर पाणी गेलंय, तळाला लोखंडाचा चुरा असेल तर बेअरिंगं तपासा.

ट्रॅकला मात्र वेळ द्या. मागचा भाग स्टँडवर उचलून ट्रॅक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा, रबराच्या चिरा, निघालेले लोखंडी क्लीट, आतले धागे बाहेर आलेत का बघा. जुन्या मशीनला खाली छोट्या चाकांच्या बोगी असतात, प्रत्येक चाक फिरवून बघा, खरखर आली तर बेअरिंग गेलं, जिथे ग्रीसचं निपल आहे तिथे नवीन ग्रीस दिसेपर्यंत भरा. स्लाइड रेलची मशीन असेल तर रेलखालची प्लॅस्टिकची पट्टी तपासा, तिला थंडावा आणि ओलावा बर्फातूनच मिळतो, म्हणून काँक्रीटवर किंवा कडक सपाट बर्फावर लांब चालवली की ती वितळते. ट्रॅक सरळ चालतोय का हे मागे उचलून हळू फिरवत बघायचं, पण मशीनच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही, सुटलेला क्लीट जीवघेणा असतो. ट्रॅक सैल बाजूकडे सरकतो, म्हणून ज्या बाजूला सरकलाय त्याच बाजूचा ताणायचा बोल्ट पाव-पाव फेरा आवळत जा.

पुढच्या स्कींचं काम सोपं आहे, खालचे लोखंडी रनर झिजून सपाट झाले असतील तर बदला नाहीतर वळणावर मशीन सरळच जाते, लीफ स्प्रिंगचं पान तुटलेलं नाही ना बघा, बुश ढिले असतील तर नवीन घाला, आणि हँडल सरळ धरून स्कींची पुढची टोकं मागच्यापेक्षा अगदी थोडी, साधारण ३ मिमी, बाहेर उघडलेली ठेवा.

सीझन संपल्यावर ठेवताना जी काळजी घ्याल त्यावर पुढच्या वर्षीचं सगळं अवलंबून आहे. इंजिन चालू ठेवून कार्बच्या तोंडातून फॉगिंग ऑईलचा (आतून थर धरून गंज रोखणाऱ्या तेलाचा) स्प्रे मारा, पांढरा धूर येऊन इंजिन गुदमरेपर्यंत, मग प्लग काढून अजून थोडं आत मारा, दोन वेळा हळू दोरी ओढा, प्लग परत लावा. टाकी आणि कार्ब दोन्ही रिकामे करा. बेल्ट काढून सपाट ठेवा, तो क्लचमध्ये महिनोन्महिने दाबून राहिला तर तिथेच कायमचा बाक धरतो. मागचा भाग स्टँडवर घ्या म्हणजे ट्रॅकवर वजन येणार नाही. सायलेन्सरच्या आणि एअरबॉक्सच्या तोंडाला जाळी किंवा फडक्याचा बोळा लावा, आणि कुठे कुठे बोळा लावलाय, बेल्ट कुठे ठेवलाय, हे एका कागदावर लिहून तो कागद दोरीच्या हँडललाच बांधा.